ओट्याआधी जमीन

जपानमधल्या जुन्या घरांच्या डागडुजीबद्दल या महिन्यात तीन पत्रं आली. पहिलं लांबलचक आहे, तितकंच लांब उत्तर मागणारं. बाकीची दोन आटोपशीर.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं टोकियोत निशि-कासाईला राहतो, दोघंही आयटीत. गेल्या वर्षी नागानोतल्या इना खोऱ्यात एक जुनं शेतघर घेतलं. गावच्या कचेरीत रिकाम्या घरांची यादी असते, तिच्यातून मिळालं. सव्वाशे वर्षांचं तरी असेल, असं विकणारे म्हणाले. वर माळा आहे, तिथे पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. घर चौदा वर्षं बंद होतं. बाकी घर ठीक आहे, स्वयंपाकघर बघून मात्र रडू येतं. अर्ध्या भागात मातीची जमीन, म्हणजे दोमा. तिथे मातीची चूल आहे, तिचं धुराडं गंजलंय. उरलेल्या अर्ध्यात उंचावर लाकडी जमीन, तिच्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक. मधोमध पाय दिला की दबते. मोझॅकची मोरी इतकी बुटकी, की भांडी घासताना कंबर मोडते. चुलीमागे करडे तक्ते ठोकलेत. कंत्राटदार म्हणतो, सगळं उपसून काँक्रीट ओतू, वर तयार किचन बसवू, तीन आठवड्यांत काम खलास. ह्यांना ते पटतंय. मला दोमा आणि चूल ठेवायचीय. मे महिन्यात सासूबाई पुण्याहून येतील, त्यांचं फोडणीशिवाय पान हलत नाही. काय करू?

— एक वाचक, टोकियो

उत्तर : दोमा ठेवायचा की नाही, हे भांडण आठवडाभर बाजूला ठेवा. आज एकच करा, कंत्राटदाराला फोन करून काँक्रीट थांबवा. माणूस वाईट असेल असं नाही, त्याचा हात नव्या घरांवर बसलेला असणार. तुमचं घर निराळ्या जातीचं आहे. त्या वयाच्या शेतघराचे खांब बहुतेक जमिनीत पुरलेले नसतात, नुसते दगडांवर उभे असतात. बुडाशी वारा खेळता राहिला म्हणून ते एवढी वर्षं टिकले.

हे मी चटका बसल्यावर शिकले. माझं सासरचं घरही तुमच्याच खोऱ्यात आहे, तेही नऊ वर्षं बंद होतं. मी देवरुखची, शिक्षणाने सिव्हिल इंजिनीअर, त्यामुळे काँक्रीटवर माझी भारी श्रद्धा. दोम्यात चार इंच ओतलं, खांबांना अगदी चिकटून, वर टाइल्स. दिसायला झकास. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी झाडताना एका खांबाच्या बुडाशी काळपट ओल दिसली. सहज स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर श्रीखंडात चमचा जावा तसा मुठीपर्यंत आत. जमिनीतली ओल पूर्वी दोम्यातून सगळीकडे उडून जायची. मी झाकण घातलं, मग तिला खांब तेवढा मोकळा सापडला. म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. तो काही बोलला नाही, नुसता दातांतून ‘स्स्स’ करून हवा आत ओढली. जपानात राहणाऱ्यांना त्या आवाजाचा अर्थ सांगायला नको. त्याने खांब जॅकवर तोलला, गुडघ्याएवढं बूड कापलं आणि चेस्टनटच्या लाकडाचा नवा पाय जोडला. एकमेकांत अडकणाऱ्या खाचा आणि मधे ठोकलेली एक पाचर, बस. खिळा नाही, गोंद नाही. या जोडाला ‘कानावा-त्सुगी’ म्हणतात. चेस्टनट अशासाठी की ते ओलीला लवकर दाद देत नाही.

आता तुमची दबणारी जमीन. ती घराइतकी जुनी नसावी. फुलांचं प्लास्टिक आणि मोझॅकची मोरी यांवरून तरी ते काम युद्धानंतरचं दिसतंय. आमच्याकडे तशीच होती. ती मी थराथराने उचलली. वर प्लास्टिक, खाली प्लायवूड, त्याखाली जुन्या फळ्या, फळ्यांखाली शोवा ४१ सालची वर्तमानपत्रं, म्हणजे १९६६ची. त्याखालचे वासे चहात बुडवलेल्या टोस्टसारखे झालेले. आणि सगळ्यात खाली मूळ दोमा, खडखडीत कोरडा! सडलं होतं ते मधलं, वरून प्लास्टिकने कोंडलेलं.

तेव्हा पहिल्या शनिवारी एवढंच काम, पण खाली सांगितलेली ॲस्बेस्टॉसची तपासणी झाल्यावर. दबणाऱ्या जागेचं प्लास्टिक कापा, दोन फळ्या उचला, बॅटरी घेऊन आत बघा. खांबांची बुडं हातोडीने वाजवा. निकोप लाकूड टणटण बोलतं, पोखरलेलं बद्द वाजतं. दगडावरून खांबाकडे चढणारी मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवी. इथल्या नेहमीच्या वाळवीला ओलं लाकूड प्रिय, म्हणून ती मोरीच्या आणि न्हाणीच्या बाजूने शिरते. तिचे पंखवाले किडे एप्रिल-मेमध्ये दिवसाउजेडी थव्याने बाहेर पडतात. सासूबाईंच्या स्वागताला ते नकोत. औषध मारून घ्या. कंपन्या साधारण पाच वर्षांची हमी देतात.

एक गोष्ट मात्र स्वतः करू नका. चुलीमागचे ते करडे तक्ते फोडू नका, त्यांना भोकही पाडू नका. आपल्याकडचे सिमेंटचे पत्रे आठवा. त्या काळात आगीपासून बचावासाठी भिंतीला जे तक्ते लावत, त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. फुलांच्या प्लास्टिकच्या पाठीवरच्या थरातही असू शकतो, म्हणून वर म्हटलं ते कापणंसुद्धा तपासणी झाल्यावर. तोवर घराच्या बाहेरून, जोत्याच्या फटीतून डोकवा. जपानने ॲस्बेस्टॉसवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली ती २००६मध्ये. कंत्राटदाराला तोडफोडीआधी तपासणी करावीच लागते आणि ऑक्टोबर २०२३पासून ती पात्रताधारक माणसाकडूनच व्हावी लागते. काम १० लाख येन किंवा त्याहून जास्तीचं असलं तर अहवालही द्यावा लागतो. ‘तीन आठवड्यांत खलास’ म्हणणाऱ्याला हा कागद मागा. तोंड वाकडं केलं तर दुसरा माणूस शोधा.

आता तुमच्या भांडणाकडे येते. तुम्हाला वाईट वाटेल, पण दोम्याच्या बाबतीत मी अर्धी तुमच्या ह्यांच्या बाजूने आहे.

आमच्या सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत. दोमा पूर्ववत करायचा म्हटल्यावर मी त्यांना हौसेने नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बघितला आणि म्हणाल्या, “हे परत कशाला?” मग एकेक निघालं. स्वयंपाकघर नेहमी उत्तरेला, म्हणजे अन्न टिकावं म्हणून घरातली सगळ्यात थंड जागा बायकांची. ताट घेऊन वर चढायचं, चपला काढायच्या. मीठ राहिलं की पुन्हा चपला घालून खाली. जानेवारीत मोरीतलं फडकं लाकडासारखं ताठ. आणि धूर. “लग्नानंतर पहिलं वर्षभर मी रडत होते, पण ते धुरामुळे की सासूमुळे, कुणी विचारलं नाही,” हे त्यांचं वाक्य.

ती उंच लाकडी जमीन सासूबाईंच्या पिढीतल्या बायकांनी मागून घेतलेली आहे, हे ध्यानात असू द्या. १९४८नंतर जपानच्या कृषी खात्याने गावोगाव बायका कार्यकर्त्या पाठवल्या. त्यांनी पहिला हात घातला तो चुलीला. धुराड्याची, सरपण कमी खाणारी सुधारित चूल, आपल्याकडच्या निर्धूर चुलीची थोरली बहीणच. मग उजेडाची खिडकी, मग उभ्याने काम करता येईल असा ओटा. तुमच्या चुलीला धुराडं आहे, म्हणजे ती बहुधा त्या लाटेतली, घराच्या वयाची नव्हे. म्हणून तिची किंमत कमी होत नाही. माझ्या लेखी ती जास्तच आहे.

म्हणून तडजोड. स्वयंपाक उंचावर करा, दोमा कामाची जागा म्हणून ठेवा. शेतातून येताना चिखलाचे बूट, मुळ्याच्या जुड्या, लोणच्याचे पिंप, सरपण, सगळ्याला दोम्यासारखी जागा नाही. वरच्या जमिनीची कड साधारण बसायच्या उंचीची असते. तिथे ओसरीवर बसल्यासारखं पाय सोडून सासूबाई भाजी निवडतील. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे सुख नाही.

वरची जमीन नव्याने करताना खाली मातीवर ओल अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, कडेची वाऱ्याची भोकं उघडी ठेवा आणि वाशांच्या मधे थंडी अडवणारे तक्ते भरा. या तक्त्यांवर पैसे वाचवू नका. इनात जानेवारीच्या रात्री पारा कधीकधी उणे दहाच्या आसपास जातो. ओटा ग्रॅनाइटचा की स्टीलचा, याला थंडीत शून्य महत्त्व; तळपायांना खालून काय लागतं ते महत्त्वाचं.

दोमा उखडला असेल तर तो दुरुस्त होतो. त्याला ‘ताताकी’ म्हणतात. लिहिताना तीन चिन्हं वापरतात, तीन वस्तूंचं मिश्रण या अर्थाची : माती, विझवलेला चुना आणि निगारी, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारं कडू पाणी. तोफू विरजायला वापरतात तेच. ओलसर मिश्रण पसरायचं आणि लाकडी थापीने बडवत बसायचं. कोकणात अंगण करताना चोपण्याने चोपतात ना, अगदी तसंच, फक्त शेणाऐवजी निगारी. मी माझं काँक्रीट फोडून खांबांभोवतीचा पट्टा असा केला. दोन दिवस चोपलं, तिसऱ्या दिवशी खांदे उचलेनात. पावसाळ्यात त्याच्यावर थोडं दव धरतं. त्याला घाबरून वार्निश फासू नका, आपोआप सुकतं.

ओट्याची उंची. इथले लोक उंचीच्या निम्मे अधिक पाच सेंटिमीटर असा हिशेब करतात. बाजारात ८०, ८५ आणि ९० सेंटिमीटरचे ओटे सहज मिळतात. सासूबाई १५० असतील तर त्यांना ८०चा, तुम्ही १६५ असाल तर ८७.५. रोज राबणाऱ्याच्या मापाने ८५ किंवा ९०चा घ्या. महिनाभर येणाऱ्यांसाठी पायाखाली फळी ठेवता येते. उंच माणसाला कंबरेतून कापता येत नाही. मोझॅकची मोरी मात्र टाकू नका. दोम्यात विटांवर उचलून बसवा, मातीची भाजी धुवायला तिच्यासारखी नाही.

फोडणी. जपानी शेगडीवरचा पंखा माशाच्या वासासाठी ठीक. मोहरी, हिंग आणि लाल मिरची एकदम पडल्यावर त्याची गाळण उडते. जास्त हवा ओढणारा, थेट बाहेरच्या भिंतीत निघणारा पंखा लावा, नळी जितकी आखूड तितकं बरं. दोन मजली घरात खालच्या मजल्यावर उघड्या ज्योतीची शेगडी असेल तर त्या खोलीच्या भिंती आणि छत सहजी न पेटणाऱ्या साहित्याचे लागतात. विजेच्या इंडक्शन शेगडीला ती अट नाही. आता तुमचा माळा हिशेबात मजला धरतात का, हे गावच्या वास्तुविशारदाला विचारायचं. गॅस ठेवलात तर शेगडीपासून लाकूड बाजूला १५ सेंटिमीटर आणि वर एक मीटर लांब हवं. मी इंडक्शन घेतली आणि भाकरीसाठी दोम्यात सिलिंडरची छोटी शेगडी ठेवली. भाकरी फुगल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्याला इलाज नाही.

पाण्याबद्दल एकच. नळजोडणी करताना हिवाळ्यात नळ्या रिकाम्या करायची चावी कुठे आहे ते त्या माणसाकडून हाताने फिरवून बघून घ्या आणि तिथे मराठीत चिठ्ठी लावा. शनिवार-रविवारी जाणार असाल तर दर रविवारी निघताना ती फिरवायची. आम्ही एका डिसेंबरात विसरलो. भिंतीतली नळी फुटली आणि सकाळी बर्फाचा झुंबर लटकत होता. बघायला सुंदर, बिल नव्हे.

चूल ठेवा. भेगा पडल्या असतील तर माती, वाळू आणि पेंढ्याचे तुकडे कालवून लिंपा. गंजलेलं धुराडं बदलल्याशिवाय काडी ओढू नका. भिंतीवर चुलीच्या वर काजळलेला कागद चिकटवलेला आहे का बघा. तो कोजिनचा, चुलीच्या देवाचा. तो कचऱ्यात टाकू नका, गावच्या देवळात नेऊन द्या. शेजारी विचारणार नाहीत, पण त्यांचं लक्ष असतं. परसात विहीर असेल आणि बुजवायची असेल तर तिच्यात बांबूची पोकळ काठी उभी ठेवतात, विहिरीला श्वास घेता यावा म्हणून. आमच्या देवरुखच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिला काही नवल वाटलं नसतं.

कागदपत्रांचं : एप्रिल २०२५पासून दोन मजली लाकडी घराच्या मोठ्या दुरुस्तीला बांधकाम परवानगी लागते. खांब, तुळया, छप्पर अशा मुख्य भागांपैकी एखाद्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा बदलला तर ती मोठी दुरुस्ती. नुसतं स्वयंपाकघर बदलणं त्यात येत नाही. अनुदान असेल तर अर्ज करारावर सही करण्याआधी करा. बहुतेक गावांत काम सुरू झाल्यावर दमडी मिळत नाही. विजेच्या तारांना परवानाधारक माणसाखेरीज कुणी हात लावायचा नाही, आयटीतल्या नवऱ्यांनी तर नाहीच.

आणि मे महिना विसरा. सासूबाईंना ऑक्टोबरात बोलवा. तेव्हा नवा तांदूळ असतो, काकीची, म्हणजे पर्सिमनची, फळं लगडलेली असतात, वाळवीचे थवे नसतात.

प्रश्न : कोबेजवळ जुनं शेतघर भाड्याने घेतलंय. स्वयंपाकघराचे वासे काजळीने काळे कुळकुळीत आहेत. मालकाची हरकत नाही. पॉलिशपेपरने घासून मूळ लाकूड काढावं म्हणतोय.

— एक वाचक, कोबे

उत्तर : कृपा करून घासू नका. ती पन्नास-शंभर वर्षांच्या धुराची पुटं आहेत. मालकाला किंमत नसली तरी अशाच काजळलेल्या बांबूंना बाजारात चांगला भाव आहे. घासल्यावर खालून येणारं लाकूड पिवळट आणि डागाळलेलं निघतं, आणि मग तुम्ही त्याला काळा रंग लावता. आमच्या शेजाऱ्यांनी हेच केलं.

आधी जळमटं झाडा, तोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा लावून. मग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. पहिली बादली शाईसारखी होते, दुसरी कॉफीसारखी, तिसरी कोऱ्या चहासारखी. तिथे थांबा. पूर्ण वाळल्यावर भाताचा कोंडा कापडी पुरचुंडीत बांधून चोळा, त्यातल्या तेलाने तुकतुकी येते.

नवी फळी जुन्यांत मिसळायची असेल तर काजळीत ‘बेंगारा’ कालवून लावतात. बेंगारा म्हणजे आपला गेरूच, लोहाचं लाल भस्म. हा शब्द ‘बंगाल’वरून आला. तुम्ही वाशाला गेरू लावत असाल तर शब्दाला माहेरी नेल्यासारखं आहे.

प्रश्न : मुंबईहून आणलेला ७५० वॅटचा मिक्सर इथल्या शेतघरात चालवायचाय. ट्रान्सफॉर्मर घेतला, तरी भात लावलेला असताना मिक्सर सुरू केला की घरभर अंधार होतो. घर नागोयाच्या पुढे आहे; ५० आणि ६० हर्ट्झचा काही घोळ आहे का?

— एक वाचक, गिफू

उत्तर : हर्ट्झचा घोळ नाही. पूर्व जपानात ५०, पश्चिमेत ६०; आपल्या मिक्सरच्या मोटरीला दोन्ही चालतात. घोळ अँपिअरचा आहे. जपानात १०० व्होल्ट, म्हणजे तेवढ्याच वॅटला आपल्या दुप्पटीहून जास्त करंट लागतो. एका प्लगवर १५ अँपिअर, म्हणजे १५०० वॅट. तुमचा मिक्सर सुरू होताना क्षणभर बराच जास्त ओढतो, त्यात तांदळाचा कुकर. जुन्या घरांत पूर्ण स्वयंपाकघर एकाच तारेवर असतं आणि सगळ्या घराला मिळून ३० अँपिअरच घेतलेले असतात. वायरमनकडून मिक्सरसाठी वेगळी तार ओढून घ्या आणि वीज कंपनीकडून अँपिअर वाढवून घ्या. ट्रान्सफॉर्मर मिक्सरच्या दुप्पट ताकदीचा हवा, १५०० व्हीएचा तरी. तोही फडताळात कोंडू नका, तापतो.

तोवर दुकानात ‘सुरिबाची’ मिळते, आतून खरखरीत रेघांचा मातीचा वाडगा. तिच्यात तीळकूट आणि दाण्याचं कूट छान होतं. ओल्या नारळाच्या वाटणाला मात्र ती कुचकामी. रेघांत खोबरं अडकतं ते दुसऱ्या दिवशी टूथब्रशने काढावं लागतं, आणि सासूबाई विचारतात की हा ब्रश कुणाचा.